वारा, श्वास, आत्मा

आपण विचाराल, सेवेला प्रेम पुरे, मग बी.डी. झाल्यावर आणखी एम.टीएच. कशाला? योहानाच्या शुभवर्तमानातील ३ऱ्या अध्यायाचे ८वे वचन उघडा. मराठीत आधी ‘वारा’ येतो, शेवटी ‘आत्मा’. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच शब्द आहे, ‘न्यूमा’. (अनुवाद करताना मीही इथेच अडलो.) पंडिता रमाबाई अशाच कामासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, साध्या बायकांनाही कळेल असे मराठी बायबल करण्यात त्यांनी केडगावला शेवटची वर्षे वेचली. अभ्यासामुळे माणसे दुरावतात असे वाटत असेल, तर अखेरचा श्वास घेणाऱ्याच्या उशाशी बसलेला पाळक आठवा. घरचे त्यालाच विचारतात, आत्मा म्हणजे काय? हिब्रूतला ‘रूआख’ म्हणजे वाराही, श्वासही आणि आत्माही.