पाण्याखालचा कान : मुखवट्याचा उपयोग आणि निगा

सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. त्यानंतरच्या काळात मालवण, तारकर्ली, देवबाग या किनारपट्टीवर समुद्राखालचे प्रवाळ आणि रंगीत मासे पर्यटकांना दाखविण्याचा व्यवसाय चांगलाच वाढीस लागला. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंगचे शिक्षण देणारी संस्थाही आहे. पर्यटक हौसेखातर एकदा पाण्यात उतरतो आणि घरी जातो. त्याचा हात धरून त्याला खाली नेणारा गावातला तरुण मात्र पावसाळा वगळता हंगामभर, दिवसातून अनेक वेळा, पाण्याखाली असतो. त्याच्या उपजीविकेचा भार जितका फुप्फुसांवर तितकाच कानांवर असतो; आणि कानांकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

कानांवरही वाट्या असलेला मुखवटा, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातला मास्क, आता बाजारात मिळतो. तो लावला की कान सुरक्षित झाले, असा समज सहज होऊ शकतो. हा समज अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात धोका आहे. तो कळण्यासाठी पाण्याखाली कानाचे काय होते, हे आधी पाहावे लागेल.

पाण्याचा दाब

समुद्रात दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. पृष्ठभागावर तो एक वातावरण असतो, १० मीटरवर दोन, २० मीटरवर तीन. दाब दुप्पट झाला की कोंडलेल्या हवेचे आकारमान निम्मे होते, हा बॉइलचा नियम माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यालाही ठाऊक असतो. आकारमानातील सर्वांत मोठा बदल पहिल्या १० मीटरमध्येच घडतो, ही त्यातील महत्त्वाची गोष्ट. म्हणजे ‘आम्ही फार खोल जात नाही’ हे कानाच्या बाबतीत समाधानाचे कारण ठरत नाही. उथळ पाण्यातच कानाला अधिक जपावे लागते.

शिक्षकांना हे गावच्या विहिरीवर दाखविता येईल. पातळ प्लॅस्टिकची रिकामी बाटली घट्ट बूच लावून, दगडाचे वजन बांधून दोरीने चार-पाच मीटर पाण्यात सोडावी. पाणी स्वच्छ असेल तर ती चेपलेली दिसते आणि वर ओढताच पुन्हा फुगते.

कानाच्या पडद्यामागची पोकळी, म्हणजे मध्यकर्ण, ही अशीच एक बाटली होय. फक्त तिला घशाकडे उघडणारी एक अरुंद नळी आहे. एरवी ही नळी मिटलेली असते. गिळताना किंवा जांभई देताना ती क्षणभर उघडते. केवळ एक मीटर खोलीवर पडद्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १०० ग्रॅम जादा भार येतो. नळीवाटे आत हवा गेली नाही तर पडदा आत ओढला जातो, कान दुखू लागतो, आणि तरीही खाली जात राहिल्यास आत रक्तस्राव होतो किंवा पडदा फाटतो. अवघ्या काही मीटरांवरही हे घडू शकते. फाटलेल्या पडद्यातून थंड पाणी आत शिरले की तोल सांभाळणाऱ्या अंतःकर्णावर परिणाम होऊन भोवळ येते. वर कोणते आणि खाली कोणते हेही कळेनासे होते. पाण्याखाली ही अवस्था जिवावर बेतणारी असते.

यावरचा उपाय साधा आहे. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच नाकात हवा दाबावयाची. म्हणजे नळी उघडते. इटालियन शरीरशास्त्रज्ञ वाल्साल्वा याच्या नावाने ही क्रिया ओळखली जाते. ती दुखू लागल्यावर करावयाची नसून दुखण्यापूर्वी, प्रत्येक अर्ध्या-एक मीटरला करावयाची असते. कारण दाब एका मर्यादेपलीकडे गेला की नळीचे तोंड घट्ट मिटते आणि कितीही जोर केला तरी उघडत नाही. अशा वेळी जोर करणे अंतःकर्णाला घातक ठरते. थोडे वर यावे, पुन्हा प्रयत्न करावा. तरीही कान मोकळा न झाल्यास त्या दिवसापुरते पाणी सोडावे.

वाट्यांचा मुखवटा काय करतो

साध्या मुखवट्यात डोळे आणि नाक झाकलेले असतात. कानाच्या मुखवट्यात दोन्ही बाजूंना कान पूर्ण झाकणाऱ्या वाट्या असतात आणि त्या लहान नळ्यांनी मुखवट्यातील हवेशी जोडलेल्या असतात. नाकाने मुखवट्यात सोडलेली हवा नळीवाटे वाट्यांत पोहोचते, त्यामुळे वाटीतील दाब बाहेरच्या पाण्याबरोबर राहतो आणि कान कोरडा राहतो. सतत ओलसर राहणाऱ्या कानाच्या मार्गात जंतुसंसर्ग होऊन ठणका लागतो, तो यामुळे बऱ्याच अंशी टळतो. कोकणच्या उबदार पाण्यात रोज काम करणाऱ्यास हा लाभ मोठा आहे.

परंतु वाटी पडद्याच्या बाहेरच्या बाजूस आहे. पडद्यामागील पोकळीत हवा पोहोचविण्याचे काम मुखवटा करीत नाही. ते ज्याचे त्यानेच करावयाचे असते. सर्दी-पडसे असलेल्या, कान वाहत असलेल्या किंवा पूर्वी पडदा फाटलेल्या माणसास या मुखवट्याच्या भरवशावर पाण्यात उतरविणे सर्वथा अयोग्य आहे. सर्दीवर गोळी घेऊन उतरणेही धोक्याचे; पाण्याखाली गोळीचा असर ओसरला तर वर येताना हवा अडकते. कानात घट्ट बोळे घालून उतरू नये, कारण बोळा आणि पडदा यांच्यामध्ये हवा कोंडली जाते. पोहण्याचा साधा चष्मा डुबकीसाठी चालत नाही, याचे कारणही असेच : त्यात नाक बाहेर राहते आणि आतील दाब सारखा करता येत नाही.

आग्नेय आशियातील बजाऊ या दर्यावर्दी समाजात लहान वयातच कानाचे पडदे फोडून घेण्याची चाल असल्याचे नोंदविले गेले आहे. मग दुखत नाही, हे खरे. उतारवयात ऐकू येत नाही, हेही खरे.

निवड आणि निगा

मुखवटा घेताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकाने श्वास आत ओढावा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर माप बरोबर आहे. मिशा, केस किंवा टोपीची कड रबराखाली आली की पाणी झिरपते. वाट्यांच्या बाबतीत ही दक्षता अधिक घ्यावी; एकाच वाटीत अचानक पाणी शिरले तरी भोवळ येऊ शकते. गळती थांबविण्यासाठी पट्टा करकचून आवळण्याची सवय मात्र चुकीची आहे, त्याने रबराची कड दुमडून गळती वाढते. काच टेम्पर्ड असल्याची खूण पाहून घ्यावी.

नव्या काचेवर कारखान्यातील पातळ थर राहिलेला असतो, त्यामुळे ती वारंवार धुरकटते. सौम्य टूथपेस्टने आतून चोळून धुतल्यास तो निघतो. काचेवर वेगळा लेप असल्यास मात्र हा उपाय करू नये.

वापर झाल्यावर मुखवटा गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा आणि नळ्यांतून पाणी खेळवावे. नळीत झडप असेल तर वाळूचा एक कणही ती उघडी ठेवण्यास पुरेसा होतो, म्हणून ती रोज तपासावी. नळ्या कोरड्या झाल्याशिवाय मुखवटा पेटीत ठेवू नये. आत बुरशी धरते आणि कान कोरडा ठेवणारे साधनच कानाला रोग देते. वाळविणे सावलीत करावे. होडीच्या इंजिनाजवळ ठेवलेल्या मुखवट्यावर डिझेल व वंगण यांचे डाग पडून रबर खराब होते.

किनाऱ्यावर एकच मुखवटा दिवसभरात अनेकांच्या चेहऱ्यावर चढतो. प्रत्येक वापरानंतर तो जंतुनाशक द्रावणातून काढून गोड्या पाण्याने धुणे आवश्यक आहे. किनाऱ्यावरील व्यवसायांचा प्रश्न ग्रामपंचायतीपुढे येतो तेव्हा जागेच्या आणि गाड्या उभ्या करण्याच्या चर्चेत गोड्या पाण्याच्या नळाचा विषय सहसा निघत नाही. तो काढता येण्याजोगा आहे. तसेच पाण्यात उतरणाऱ्या तरुणांची हंगामाच्या आरंभी आणि अखेरीस कानाची तपासणी व्हावी, यासाठी ग्रामीण रुग्णालयाशी बोलून दिवस ठरविणेही पंचायतीला सहज शक्य आहे.

घरी कान टोकरणे, काडीला कापूस लावून पुसणे, कोमट तेल घालणे हे प्रकार टाळावेत. डोके एका बाजूला कलते करून पाणी निथळू द्यावे. कान दोन दिवसांहून अधिक दडा बसल्यासारखा वाटला, पाणी किंवा रक्त आले, ऐकू कमी येऊ लागले किंवा भोवळ आली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे आणि त्यांनी परवानगी देईपर्यंत होडीवर जावयाचे झाल्यास ते केवळ वरचे काम करण्यासाठी.