लाकूड आणि धातू : दागिन्यातला मेळ



दागिना म्हटला की सोने आठवते आणि पाठोपाठ तोळ्याचा भाव. पण आज अनेक कलाकार सागाच्या किंवा शिसवाच्या लहानशा तुकड्यात तांबे, पितळ, चांदी बसवून हाताने दागिने घडवितात. अशा दागिन्यात धातूचे मोल थोडे, घडणावळ मोठी असते. हे काम कसे होते, ते या पाठात आम्ही सांगत आहोत.

कल्पना नवी नाही. वारकऱ्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ लाकडाचीच असते. काही घरी तिचे मणी चांदीत मढवून घेतात. उत्तर प्रदेशातील मैनपुरीला शिसवात पितळेची तार ठोकून नक्षी करतात. तिला तारकशी म्हणतात. पूर्वी ती खडावांवर होत असे. २०२३ साली या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या शेजारच्या बैतूल जिल्ह्यात भरेवा कारागीर मेणाच्या तारांनी आकार घडवून मग पितळ ओततात.

लाकूडही आपल्याजवळच आहे. सातपुड्यातला साग सर्वांना माहीत आहे. तेंदूचे पान विडीसाठी तोडतात, हेही माहीत आहे. पण तेंदू आबनुसाच्या कुळातला असून जुन्या झाडाचा गाभा काळा व टणक असतो. त्याच्या शास्त्रीय नावातील 'मेलानोझायलॉन' या शब्दाचा अर्थच 'काळे लाकूड' असा आहे.

आता मुख्य अडचण पाहू. लाकूड पावसाळ्यात दमट हवेने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. ही हालचाल रेषांच्या दिशेने अगदी कमी, आडवी मात्र जास्त असते. धातूवर दमटपणाचा असा परिणाम होत नाही. म्हणून लाकूड कोंदणात अगदी घट्ट आवळले तर एखाद्या मोसमात ते तडकते. कुशल कारागीर केसाएवढी जागा सोडतो.

दुसरी अडचण आचेची. चांदी ९६१ अंश सेल्सिअसला वितळते. तिचा सांधा झाळायलाही सहाशे अंशांहून जास्त उष्णता लागते. लाकूड त्याच्या निम्म्यातच जळू लागते. म्हणून धातूचे सर्व तापकाम आधी उरकायचे, लाकूड शेवटी बसवायचे आणि ते खिळीने, तारेने किंवा कोंदणाची कड दाबून पक्के करायचे.

करून पाहा (मोठ्यांच्या देखरेखीखाली)

१. सुताराकडून वाळलेल्या सागाचा टाकाऊ तुकडा मागून आणा. झाड तोडू नका.
२. कानशीने आकार द्या, मग पॉलिश पेपरने घासा. नाकातोंडाला रुमाल बांधा.
३. बारीक छिद्र पाडून तांब्याची तार ओवा व तिची टोके वळवून घ्या.
४. जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या आणि वाळू द्या.

पितळ काळवंडले की घरी आपण चिंच लावून धुतो. लाकूड असलेल्या दागिन्याला तसे करू नये. कोरड्या कापडाने पुसावे.

पालकांना आणि विश्वस्त मंडळाला आमचे दोन शब्द. आपल्या शाळेत सुतार आणि सोनार घरांतली मुले आहेत. वडिलांचा व्यवसाय विचारला की त्यांतली काही मान खाली घालतात. यंत्राचा तयार माल आल्यापासून त्या घरांतले कामही कमी झाले आहे. कानस धरण्याचे, सांधा जुळवण्याचे ज्ञान पुस्तकात मिळत नाही. ते एका पिढीत सुटले तर पुढच्या पिढीला शिकवणार कोण? मुंबईच्या सर जे. जे. कलामहाविद्यालयात धातुकाम हा पदवीचा विषय आहे. जी विद्या महाविद्यालयात पदवी देते, तिची आपल्या अंगणात लाज का वाटावी?

म्हणून आमची विनंती आहे की शनिवारचा एक तास हस्तकामाला द्यावा आणि या पालकांना गुरुजी म्हणून सन्मानाने वर्गात बोलवावे. हत्यारे थोडीच लागतील, लाकूड टाकाऊतून मिळेल. मंडळाने पुढील बैठकीत यावर विचार करावा.

स्वाध्याय

१. घरातली लाकूड व धातू एकत्र असलेली एक वस्तू शोधा. दोन्ही कसे जोडले आहेत, त्याचे चित्र काढा.
२. विळ्याची मूठ काही वर्षांनी सैल का होते? कारण लिहा.