सहलीचा बेत

दिवाळीच्या सुट्टीत वसईला दोन दिवसांची सहल ठरली. माधवला किल्ला पाहावयाचा होता, कुसुमला समुद्र, तर धाकट्या बाळूला जलक्रीडा-उद्यानातील उंच घसरगुंड्या!

बाबांनी कागदावर बेत मांडला. पहिल्या दिवशी उन्हे चढण्यापूर्वी किल्ला. तो १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकला होता. सायंकाळी भरती-ओहोटीची वेळ पाहून सुरुची बागेजवळचा समुद्रकिनारा. दुसरा दिवस जलक्रीडेचा.

इतक्यात बाळूने विचारले, "आजोबा, तुम्हांला काय पाहावयाचे आहे?"

"नालासोपाऱ्याचा प्राचीन बौद्ध स्तूप," आजोबा म्हणाले. "भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली तेथे उत्खनन केले. पण आता वेळ कोठे उरला?"

"माझ्या दिवसातली सकाळ तुम्ही घ्या!" बाळू म्हणाला.

बाबांनी कागदावर चौथी ओळ लिहिली. बेत आता खरोखर पूर्ण झाला.