चित्रफितींचें संपादन आणि आपली खाजगी माहिती

स्नेहसंमेलनाच्या चित्रफिती मोबाइलवर कापून-जोडून त्यांस गाणें लावण्याची हौस आमच्या विद्यार्थ्यांत वाढली आहे, व ती आम्हांस आवडते. परंतु त्या कामाच्या ॲपच्या हातीं आपण काय देतों, ह्याचा विचार थोडेच करतात.

फितींत केवळ चित्र नसतें. मोबाइलची स्थाननोंद चालू असल्यास चित्रण केव्हां व कोठें झालें, हेंही तींत लिहिलें जातें. अंगणांत घेतलेली फीत घराचा ठावठिकाणा सांगूं शकते. केडेनलाइव्ह किंवा शॉटकट ह्या विनामूल्य साधनांत संपादन आपल्याच संगणकावर होतें. कित्येक ॲप्स मात्र, बोलणें ऐकून अक्षरें उमटविण्यासारख्या कामांसाठीं, फीत कंपनीच्या दूरच्या संगणकावर नेतात. तेथें ती किती काळ राहील, कोणास मिळेल, हें कंपनीचे नियम ठरवितात. आणि ते न वाचतांच आपण ‘मान्य’ म्हणतों!

जून २०२० मध्यें भारत सरकारनें ५९ ॲप्सवर बंदी घातली, तींत व्हिव्हाव्हिडिओ हें संपादनाचें ॲपही होतें. वापरणारांची माहिती देशाबाहेरील संगणकांवर चोरून जाते, अशा तक्रारी सरकारनें कारणादाखल सांगितल्या होत्या. पुढें २०२३ च्या कायद्यानें १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठीं पालकांची संमति आवश्यक ठरविली. पालकहो, ती संमति तुमच्या नांवानें मुलेंच तर देत नाहींत ना?

ॲपनें सर्व छायाचित्रें मागितल्यास, मोबाइलच्या सेटिंगमधून निवडक तेवढींच द्यावींत. आणि फितींत मागें उभ्या असलेल्या सोबत्यास आधीं विचारावें. चेहरा त्याचा आहे.