माथेरानची गोल फेरी



माथेरान हे डोंगरमाथ्यावरचे गाव आपल्या शेजारच्या कर्जत तालुक्यात आहे. ते समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे. माथ्यावरचे रान ते माथेरान, असे म्हणतात.

शोध कोणी लावला?

माथेरानचा शोध १८५० साली ह्यू मॅलेट साहेबाने लावला, असे पुस्तकात असते. तो ठाण्याचा कलेक्टर होता. मे महिन्यात त्याचा मुक्काम आपल्या खालापूर तालुक्यातल्या चौक गावी होता. चौकचे पाटील आणि पाण्याचा घडा बरोबर घेऊन तो ओढ्याच्या वाटेने चढला आणि रामबागेच्या बाजूने उतरला. म्हणजे तीपण एक गोल फेरीच झाली!

पण डोंगरात ठाकूर, कातकरी आणि धनगर लोक आधीपासून राहत होते. लाकूडफाट्याला आणि गुरांमागे जाऊन त्यांना वाटा पाठ होत्या. मग शोध साहेबाचा कसा? साहेबाला माथेरान आपल्या लोकांनी दाखवले, असे म्हणायला पाहिजे.

फेरी कशी करावी?

मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. नेरळहून छोटी गाडीही येते. ती १९०७ साली सुरू झाली. तिचे रूळ फक्त २ फूट अंतरावर आहेत.

बाजारातून पूर्वेच्या कडेने दक्षिणेकडे चालावे. अलेक्झांडर पॉइंट, रामबाग पॉइंट, मग चौक पॉइंट लागतो. तिथून खाली आपला खालापूर तालुका दिसतो. पुढे वन ट्री हिल. मग शार्लोट तलाव येतो. त्याच्या काठी पिसारनाथाचे देऊळ आहे. हे पिण्याचे पाणी आहे, त्यात हातपाय धुऊ नयेत. पुढे एको पॉइंटवर हाक मारली की डोंगर परत हाक देतो. लुईझा पॉइंटवरून समोर प्रबळगड दिसतो. तिथून परत बाजारात यायचे. सगळी वाट तांबड्या मातीची आणि झाडांच्या सावलीची आहे.

याच गावात १९१२ साली भाई कोतवाल जन्मले. स्वातंत्र्यासाठी लढताना २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते हुतात्मा झाले.

काळजी

कड्याच्या टोकाला जाऊ नये. भर पावसात डोंगरात जाऊ नये. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि पुष्कळ माणसे गेली. माकडांना खायला देऊ नये. कागद, पिशव्या खाली परत आणाव्यात. वाट चुकली तर डोंगरातल्या माणसाला विचारावे. त्याला सगळे ठाऊक असते.

सांगा पाहू

१. पॉइंटांची नावे साहेबांची का आहेत?
२. वाट दाखवणाऱ्याचे नाव एखाद्या पॉइंटला द्यायचे तर तुम्ही कोणते द्याल?

— इयत्ता ४ थी, मोहोपाडा