दगडातील श्रमिक

दिवाळी सरली, की वऱ्हाडातील कापसाच्या गाड्या अकोला-अमरावतीच्या बाजाराची वाट धरतात. माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे वडील अकोल्याच्या एका जिनिंग कारखान्यात कापसाची ओझी वाहत. वडिलांचा व्यवसाय विचारला, की तो मान खाली घाली.

एका वर्षी आमची सहल मुंबईस गेली. तेथे फोर्ट विभागात, महात्मा गांधी मार्गावर, न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स या विमा कंपनीची भव्य इमारत आहे. ती १९३६ साली उभी राहिली. तिच्या दर्शनी भिंतींवर शिल्पकार ना. ग. पानसरे यांच्या कल्पनेतील प्रचंड आकृती कोरलेल्या आहेत. एवढ्या उंचावर राजेच असणार, असे मुलांना वाटले. निरखून पाहताच त्यांना दिसले, की तेथे शेतकरी आहे, कुंभार आहे, सूत कातणारी स्त्री आहे!

श्रमिकाला असा मान सहजासहजी मिळालेला नाही. एके काळी मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टीदेखील नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली त्यांना संघटित केले, सभा भरविल्या, अर्ज केले. अखेर १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली.

त्या इमारतीपासून हुतात्मा चौक दूर नाही. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी तेथे संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. आज तेथील स्मारकात शेतकरी व कामगार मशाल घेऊन उभे आहेत. महाराष्ट्र राज्याची स्थापनाही १ मे १९६० रोजी, म्हणजे जागतिक कामगार दिनीच झाली.

तो मुलगा मात्र त्या भिंतीपुढून हलेना. त्याने विचारले, "गुरुजी, या माणसांची नावे का बरे लिहिली नाहीत?"

मी म्हणालो, "बाळ, ती लिहावयाची तर कोणती भिंत पुरेल?"

तो काहीच बोलला नाही. परत आल्यावर मी 'माझे वडील' या विषयावर निबंध लिहावयास सांगितला. त्याचे पहिलेच वाक्य होते, "माझे वडील जिनिंग कारखान्यात कापसाची ओझी वाहतात." ते त्याने उभे राहून, मान वर करून, साऱ्या वर्गाला वाचून दाखविले.

स्वाध्याय
१. भिंतीवर कोणाच्या आकृती असतील, असे मुलांना वाटले? का?
२. तुमच्या गावातील एखाद्या श्रमिकाच्या कामाचे आठ-दहा ओळींत वर्णन करा.