निविदेतील तांत्रिक अटी आणि स्पर्धा

निविदा प्रसिद्ध झाली म्हणजे स्पर्धा झाली, असा एक समज रूढ आहे. वस्तुतः पुष्कळदा स्पर्धकांचे भवितव्य तांत्रिक अटी लिहिल्या जातात तेव्हाच ठरून जाते. संगणकप्रणालीच्या खरेदीत हा धोका अधिक. कारण या अटींची परिभाषा सही करणाऱ्या अधिकाऱ्यासही पुरती अवगत असतेच असे नाही.

अमेरिकेतील ‘डिपार्टमेंट ऑफ द इंटीरियर’ हे खाते सार्वजनिक जमिनी व राष्ट्रीय उद्याने यांचा कारभार पाहते. सुमारे ८८,००० कर्मचाऱ्यांसाठी एकच ई-मेल व्यवस्था असावी, असे या खात्याने ठरविले. हेतू रास्त होता. परंतु २०१० साली दरपत्रके मागविताना गरजेचे वर्णन करण्याऐवजी मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीचेच नाव घातले गेले. विक्रेते अनेक, माल मात्र एकच! खात्याची माहिती इतर ग्राहकांच्या माहितीपासून अलग यंत्रणेवर राहिली पाहिजे, असे सुरक्षिततेचे कारण देण्यात आले.

गूगल व तिची एक विक्रेती कंपनी यांनी ऑक्टोबर २०१० मध्ये दावा दाखल केला. अमेरिकेचा १९८४ चा स्पर्धाविषयक कायदा प्रतिबंधक अटींना मज्जाव करीत नाही. त्या गरजेपुरत्याच असाव्यात, एवढेच सांगतो. विहित प्रक्रिया पूर्ण होण्यापूर्वीच प्रणालीची निवड झाल्याचे न्यायालयास प्रथमदर्शनी दिसले, आणि जानेवारी २०११ मध्ये न्यायाधीश सुसान ब्रेडन यांनी खरेदीस तात्पुरती मनाई केली. सुरक्षितता मागणे गैर, असा याचा अर्थ नव्हे. पुढे दावा मागे घेण्यात आला, खरेदी नव्याने झाली आणि २०१२ मध्ये गूगलच्याच प्रणालीसाठी सुमारे साडेतीन कोटी डॉलरचा करार झाला. एकच प्रणाली चालेल, हे गृहीतक टिकले नाही.

आपल्याकडे केंद्र शासनाच्या सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मधील नियम १४४ हेच सांगतो: विनिर्देश मूलभूत गरज भागविणारे असावेत, अनावश्यक वैशिष्ट्ये घालून खर्च वाढवू नये. न्यायालये निविदेच्या अटींत सहसा हस्तक्षेप करीत नाहीत. ‘टाटा सेल्युलर’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये निर्णयापेक्षा निर्णयप्रक्रियेच्या तपासणीवर भर दिला. म्हणून खरी जबाबदारी कार्यालयावरच येते. प्रत्येक अटीसमोर तिचे कारण नस्तीवर लिहिलेले असेल, तर बोलीपूर्व बैठकीतील आक्षेपास उत्तर देणे जड जात नाही. नसेल, तर शुद्धिपत्रक काढण्यास तीच वेळ सोयीची.